पट्टी उतरवली, दादा

प्रिय दादा,

फोन तुझ्या लेकीने काढून घेतलाय, म्हणून हे पत्र. चांगलं केलं पोरीने. तुझ्या हातात फोन म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. बिछान्यात पडल्या पडल्या हॉलवाले, पेपरवाले, पोस्टरवाले अशा सगळ्यांना तू कामाला लावलं असतंस आणि छातीवरचे टाके उसवून घेतले असतेस. पत्राचं बरं असतं. ते वाजत नाही, आणि वाचणाऱ्याला मधेच उलट उत्तर देता येत नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बोलणार आणि तू ऐकणार असा योग आलाय. तो मी सोडते होय?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नाडी जागेवर राहील. या पत्राचा शेवट गोड आहे. मधे थोडा घाट लागेल, पण गाडी सुखरूप पोचली आहे आणि मी तिच्यातून माझ्या पायांनी उतरले आहे. तेव्हा उशीला टेकून सावकाश वाच. लेक सूप घेऊन आली तर आधी सूप पी. बिनमिठाचं आहे म्हणून तोंड वाकडं करतोस म्हणे. लहान बाळासारखं ‘आ’ करायला सांगावं लागतं, असं तिने मला फोनवर सांगितलं. जिन्याच्या पायऱ्या मात्र आता कुणाचा हात न धरता चढतोस, हे ऐकून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

तर बातमी ही, की अल्बम झाला. काल दुपारी शेवटचं गाणं आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. कात्रीने खुर्ची मागे ढकलली, पायमोजे वर ओढले आणि म्हणाली, “ताई, आता हात लावला तर बिघडेल.” बस, एवढंच. ना टाळी, ना मिठी. मी खाली रस्त्यावर आले, समोरच्या दुकानातून एक भलंमोठं आइस्क्रीम घेतलं आणि भर थंडीत गळ्याला काहीही न गुंडाळता उभ्या उभ्या खाल्लं. तू असतास तर हातातून हिसकावून घेतलं असतंस.

कात्री म्हणजे कोण, ते तुला ठाऊक आहे. कंपनीने दिलेली ती निर्माती. तू तिला कंपनीच्या कचेरीत एकदाच भेटलास आणि लिफ्टमध्ये माझ्या कानाशी लागलास, “ही बाई हसत नाही. हिच्यावर लक्ष ठेवायला हवं.” नाव तिला वादकांनी ठेवलंय. कारण त्यांनी मेहनतीने बसवलेलं काहीही ती ऐकते, मान हलवते, आणि अर्धं कापून टाकते. चाळिशीची असेल. केस पोरासारखे कापलेले, आणि स्टुडिओत बुटांचा आवाज नको म्हणून सगळ्यांना पायमोज्यांवर वावरायला लावते. तिचे स्वतःचे दोन पायमोजे एकमेकांचे नातलगसुद्धा नसतात.

आता मला माहीत आहे तू काय विचारणार आहेस. ऑपरेशनला नेताना, त्या चाकांच्या पलंगावर, गुंगीचं इंजेक्शन चढत असताना तू माझं मनगट घट्ट धरलंस आणि म्हणालास, “मी उठेपर्यंत स्टुडिओत पाऊल टाकू नकोस. कबूल कर.” मी कबूल केलं. तुला नेईपर्यंत मान डोलावत राहिले. मला वाटलं, मरणाच्या दारातसुद्धा याला माझीच काळजी, काय हा भाऊ! पण कंपनीने तारखा पुढे ढकलायला साफ नकार दिला. आत्ता नाही तर हा अल्बम बासनात गुंडाळू, असं स्पष्ट सांगितलं. तू अतिदक्षता विभागात, तुझी लेक रडून रडून सुजलेली, विचारू कुणाला? बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझ्या नव्या रेकॉर्डसाठी दार उघडलं होतं. मी आत गेले.

एकटी जायची सवय कुठे उरली होती मला! एकोणिसाव्या वर्षापासून प्रत्येक दार तूच उघडत आलास. पहिल्याच दिवशी मी त्या इमारतीत भलत्याच मजल्यावर उतरले आणि दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसले. मला वाटलं, स्टुडिओचीच बाहेरची खोली. ओळीने माणसं बसलेली, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. म्हटलं, कोरसवाले दिसतात. काउंटरवरच्या मुलीने “कुठला दुखतोय?” असं विचारलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

कंपनीला आपली जुनी गाणी नव्या साजात हवी होती, आणि सुरुवात अर्थातच जहाजाच्या गाण्याने. त्याची शेवटची ओळ, ‘परत ये, परत ये’, वरच्या सुरात जाऊन थांबते, तिथे लोक उभे राहतात, हे काय तुला सांगायला हवं? तिच्यावर तर आपलं घर चाललं. मी काचेआड उभी राहिले, कानाला हेडफोन लावले, गाणं मजेत म्हटलं, त्या ओळीला श्वास भरला, तोंड उघडलं, आणि दादा, काही आलंच नाही. म्हणजे आवाज आला, पण कुणीतरी लाकडी कपाट फरशीवरून ओढावं तसा.

मी एसीला दोष दिला. दुसऱ्या दिवशी हेडफोनला. तिसऱ्या दिवशी आदल्या रात्रीच्या दह्याला. कात्री काचेपलीकडून नुसती बघायची आणि म्हणायची, “पुन्हा घेऊ या.” मी तिला सांगितलं, मागच्याच वर्षी भरल्या हॉलमध्ये मी ही ओळ लीलया म्हटली आहे, एकदा नाही, प्रत्येक कार्यक्रमात. हवं तर ऐक. ती म्हणाली, “ऐकते.” आणि तिने कंपनीकडून आपल्या अलीकडच्या सगळ्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण मागवून घेतलं.

पुढच्या सकाळी तिने मला माइकसमोर उभंच केलं नाही. शेजारच्या खुर्चीवर बसवलं, हातात कोमट पाण्याचा पेला दिला, आणि तीन वेगवेगळ्या गावांतल्या कार्यक्रमांमधली ती शेवटची ओळ एकापाठोपाठ एक वाजवली. “काय ऐकू येतंय?” मी म्हटलं, “मी.” “ओळ नका ऐकू, ताई. ओळीआधीचा श्वास ऐका.” तिने पुन्हा लावलं. श्वास घेताना ओठ सुटल्याचा एक बारीक आवाज, मग किंचित थरथर, मग ‘परत’. दुसऱ्या गावीही तोच ओठांचा आवाज, तीच थरथर. तिसऱ्या गावी तसंच. दादा, माणूस तीच ओळ शंभरदा गाईल, पण तोच श्वास दोनदा घेऊ शकत नाही. मला पेला खाली ठेवायला टेबल सापडेना. कात्रीने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि अगदी हळू म्हणाली, “आवाज तुमचाच आहे. फक्त आत्ताचा नाही.”

थांब. पत्र खाली ठेवू नकोस. मी सांगितलंय ना, शेवट गोड आहे म्हणून?

मी तिथूनच मामाला फोन लावला. आपला साउंडवाला मामा, पोट सांभाळत मिक्सरमागे बसणारा. मी एवढंच विचारलं, “मामा, जहाजाची शेवटची ओळ कोण गात होतं?” तर पलीकडून हुंदकाच आला. म्हणाला, “साहेबांची शपथ होती, ताई. मेलो तरी सांगू नको म्हणाले होते.” मग त्याने सगळं सांगितलं. तू माझ्या तरुणपणच्या ध्वनिमुद्रणातली ती ओळ मिळवून आणलीस. आधी फक्त तेवढीच होती, पुढे आणखी दोन-तीन जागा वाढल्या. तू मिक्सरपाशी मामाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहायचास, मी ओळीसाठी डावा हात उचलला की खांदा दाबायचास, आणि मामा बटण वर सरकवायचा. ड्रमवाल्याच्या कानात त्या ध्वनिमुद्रणाचा ठेका टकटकायचा, म्हणजे तोही सामील. सगळी वरात सामील, फक्त नवरीला पत्ता नाही!

स्टेजवरून दिव्यांच्या झगमगाटात मला काहीही दिसत नसे, पण मिक्सरपाशी उभी असलेली तुझी आकृती तेवढी दिसायची. मला वाटायचं, दादा कौतुकाने ऐकतोय. आणि तू मागे येऊन म्हणायचास, “आज तर कमाल केलीस!”

त्या दिवशी मनातल्या मनात मी तुला जे बोलले ते इथे लिहीत नाही. कागद जळेल. समोर असतास, अंगाला नळ्या नसत्या, तर तुला तिसऱ्या मजल्यावरून ढकललं असतं. फसवलंस म्हणून राग होताच, पण त्याहून शरम जास्त. तुला ती बाई आठवते? कार्यक्रम संपल्यावर रडत रडत आत आली होती, माझे हात धरून म्हणाली, त्या ओळीने आज मला जगवलं. आणि मी, शहाणी, मी तिला श्वास कसा राखावा यावर व्याख्यान दिलं! पोटातून घ्यावा, खांदे उचलू नयेत. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

घरी आले, दार लावलं आणि कंपनीला कळवून टाकलं की मला जमणार नाही. पडदे ओढले. फोन उचलेना. तुझी लेक रोज तुझी खबर द्यायची तेवढी मी ऐकायचे, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पडल्या पडल्या एकेक दुवा लागत गेला. समुद्राकाठच्या त्या गावी माझा आवाज फाटला होता, मागच्या रांगा हसल्या होत्या. परतताना गाडीत मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते, आणि तू घर येईपर्यंत एक शब्द बोलला नव्हतास. पुढच्याच कार्यक्रमात आवाज परत आला. तू एक डबी आणून दिली होतीस, कुठल्याशा मोठ्या डॉक्टरच्या खास गोळ्या. खरं सांग, त्या साध्या खोकल्याच्या गोळ्या होत्या ना रे? आणि मी त्यांच्या जोरावर इतकी वर्षं तोऱ्यात फिरले. लोकांनासुद्धा वाटल्या मी त्या!

गाडीतलं तुझं ते गप्प बसणं आठवलं आणि माझा राग अर्धा झाला. उरलेला अर्धा कात्रीने घालवला. ती एका सकाळी दारात उभी. लिफ्ट बंद, धापा टाकत आलेली. मी म्हटलं, समजूत घालायला आली असशील तर आल्या पावली परत जा. ती म्हणाली, “समजूत घालता येत नाही मला. पाणी द्या.” पाणी प्यायली आणि माझ्या धूळ बसलेल्या कीबोर्डवरचं झाकण काढून बसली. मी भांडायलाच उभी होते. म्हटलं, आता या वयात पट्टी खाली उतरवून गाऊ? लोक म्हणतील, म्हातारी झाली. कात्री म्हणाली, “झालाच आहात ना?” दादा, इतक्या वर्षांत मला तोंडावर हे कुणीच म्हटलं नव्हतं. मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की दाराची चौकट धरावी लागली. आणि तेव्हा मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. दातात फट आहे तिच्या, म्हणून हसत नाही.

मग तिने जहाजाचं गाणं एक सूर खाली घेतलं. म्हणून पाहिलं. आणखी एक खाली. आणखी खाली. मला ते हरल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक पायरीला मी म्हणत होते, बास, एवढं पुरे. ती म्हणायची, “अजून गळा आवळताय.” आणि मग एका जागी, दादा, काय सांगू! दिवसभर टाचांची चप्पल घालून लग्नात मिरवावं, घरी येऊन ती काढावी आणि गार फरशीवर पाय पसरावेत ना, तसं झालं. आवाज आपला आपण येऊन बसला. जाड, थोडा खरबरीत, आपल्या आईच्या हाकेसारखा. माझ्या गळ्यात आई बसली आहे हे मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी तितकी खाली गेलेच नव्हते.

नंतरचं काम कष्टाचं होतं, पण भीतीचं नव्हतं. कात्रीने व्हायोलिनं काढली, कोरस काढला, टाळ्या काढल्या. जहाजाच्या गाण्यात आता पियानो आहे, मागे एक बासगिटार, बाकी मी. शेवटची ओळ मी चढवत नाही. बसल्या खुर्चीत, शेजारच्या माणसाला सांगावं तशी म्हणते. आमची भांडणंही झाली. दुसरं कडवं तिला नको होतं, मला हवं होतं. दोघी हट्टाला पेटलो, वादक बिचारे जेवायला निघून गेले. शेवटी मी जिंकले. ते कडवं आत आहे, आणि आता ती सगळ्यांना सांगते की ते ठेवायची कल्पना तिची.

कंपनीचे साहेब ऐकायला आले होते. डोळे मिटून ऐकलं, आणि मग म्हणाले, सगळं छान आहे, फक्त आवाज थोडा तरुण करता येईल का, हल्ली यंत्राने होतं म्हणे. कात्रीने शांतपणे विचारलं, “साहेब, तुमच्या आईचा फोन आला आणि पलीकडून विशीतली मुलगी बोलली, तर तुम्ही काय कराल?” साहेब म्हणाले, “घाबरेन.” “मग?” साहेब हसले आणि सही करून गेले. वसंतात अल्बम बाजारात येतोय.

पहिलं गाणं रेडिओवर लागायला लागलंय. परवा टॅक्सीत लागलं होतं. मी मुद्दाम ड्रायव्हरला विचारलं, कशी गाते हो ही बाई? त्याने तोंड वाकडं केलं. म्हणाला, “बरी आहे. पण जुन्या बाईंची सर नाही.” मी खिडकीकडे तोंड करून पोट धरून हसले. पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मी दोन दिवस जेवले नसते. आता वाटलं, त्या जुन्या बाईंना माझा नमस्कार. त्यांनी खूप गायलं. आता त्यांना बसू दे.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. काल तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, बाबांची जखम भरली, रिपोर्ट चांगले आहेत, पण बाबा झोपत नाहीत. डॉक्टरांनी तिला विचारलं, यांना कसली चिंता आहे? तिला काय ठाऊक! ती म्हणाली, “आत्या, ते सारखं एकच विचारतात, ती एकटी स्टुडिओत गेली नाही ना?” दादा, मनगट धरून तू मला कशासाठी अडवत होतास ते तिला कळलं नाही, पण मला कळलं. काचेआड मी एकटी उभी राहीन, त्या ओळीला तोंड उघडेन, आणि तू शेजारी नसशील. हे एकट्याने पोटात ठेवून तू प्रत्येक कार्यक्रमात उभा राहिलास. डॉक्टर म्हणतात, छातीवरचा भार सिगारेटचा. मला तसं वाटत नाही. तर आता ऐक. मी एकटी गेले. मी तोंड उघडलं. जे व्हायचं ते झालं, मला सगळं कळलं, आणि आभाळ कोसळलं नाही. मी रागावले होते, आता नाही. मामालाही सांगितलंय की तुझी शपथ सुटली. तुला लपवायला आता काहीही उरलेलं नाही, दादा. हे पत्र घडी करून ठेव, लेकीला पडदा ओढायला सांग, आणि झोप.

तुझीच,
धाकटी